जॅक गाडी उचलतो, धरून ठेवत नाही

गाडीखाली माणूस सापडल्याच्या बातमीत बहुतेक वेळा एवढंच असतं: जॅक निसटला. निसटला म्हणजे नेमकं काय झालं, ते कुणी लिहीत नाही. वाचणाऱ्याला वाटतं, जॅक मोडला असेल. पण असे जॅक पुष्कळदा शेजारीच पडलेले सापडतात, धडधाकट. पुसून पुन्हा लावले तर चालतील असे. दगा दिलेला असतो तो खालच्या जमिनीने, उताराने, चुकीच्या जागेने किंवा नट सोडवताना बसलेल्या आडव्या हिसक्याने. यातल्या प्रत्येकामागे शाळेतलंच यंत्रशास्त्र आहे. ते एकदा समजलं, की कुठली खबरदारी कशासाठी हे पाठ करावं लागत नाही.

इथे मी मुख्यतः ट्रक, पिकअप, ट्रॅक्टर-ट्रॉली आणि जीप डोळ्यांसमोर ठेवल्या आहेत. कारच्या डिकीतल्या छोट्या जॅकलाही यातलं बरंचसं लागू पडतं.

वजन कशावर अडतं?

आधी पेचाचा, म्हणजे स्क्रूचा जॅक घेऊ. स्क्रूचे आटे म्हणजे दांड्याभोवती गुंडाळलेला चढ. घाटरस्ता जसा डोंगराला वळसे घेत वर जातो आणि थेट कड्यावर न चढणारी एसटी त्यावरून सहज चढते, तसंच इथे होतं. अंतर वाढतं, जोर कमी लागतो. एका फेऱ्यात दांडा १० मिलिमीटर वर जातो आणि हँडल ६० सेंटिमीटर लांब आहे असं धरा. एका फेऱ्यात तुमचा हात जवळजवळ पावणेचार मीटर फिरतो आणि गाडी एक सेंटिमीटर उचलली जाते. म्हणजे कागदावर जोर ३७७ पट झाला. ५ टन उचलायला १३-१४ किलोचा जोर पुरायला हवा. प्रत्यक्षात पन्नास-साठ किलो लागतो, कारण तीन-चतुर्थांश ताकद आट्यांमधल्या घर्षणात जाते.

ही ताकद वाया जात नाही. त्याच घर्षणामुळे हात काढल्यावर स्क्रू उलटा फिरत नाही आणि गाडी खाली येत नाही. चढ इतका मंद ठेवलेला असतो, की वजन स्वतःहून त्यावरून घसरू शकत नाही. स्क्रूचा जॅक आपोआप बसत नाही तो यामुळे. मात्र आटे झिजून धारदार झाले असतील, गंजले असतील किंवा नटाचा भाग खिळखिळा झाला असेल, तर या हिशेबावर विसंबू नका. दांडा हातात धरून हलवून बघा. खडखड होत असेल, तर तो जॅक गाडीखाली घालायचा नाही.

कारमधला कात्रीसारखा उघडणारा जॅकही स्क्रूवरच चालतो, पण त्याची एक खोड आहे. तो जितका दबलेला, तितका स्क्रूवर ताण जास्त. हात जमिनीशी १५ अंशांत असताना ४०० किलो उचलायचे तर स्क्रूवर जवळपास दीड टनाची ओढ येते. तेच हात ४५ अंशांवर आले, की ओढ ४०० किलोवर उतरते. म्हणून सुरुवातीचे फेरे जड जातात आणि मग हँडल हलकं फिरतं. हलकं फिरायला लागलं की माणूस निर्धास्त होतो, पण नेमका तेव्हाच जॅक उंच आणि अस्थिर झालेला असतो.

बॉटल जॅकची गोष्ट वेगळी. त्यात तेल आहे. लहान दट्ट्याने दाबलेलं तेल मोठ्या दट्ट्याला उचलतं. सतराव्या शतकात पास्कलने सांगितलेला नियम तो हाच: बंद तेलावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो, म्हणून दट्ट्या जितका रुंद तितका जोर मोठा. पण गाडी वर गेल्यावर तिचं सगळं वजन धरून कोण आहे, ते बघा. रबराचं एक सील आणि छोटी गोळी बसलेला एक व्हॉल्व्ह. त्या गोळीखाली कचऱ्याचा एक कण अडकला, तरी तेल हळूहळू मागे जातं आणि गाडी बसत जाते. सील फाटलं तर हळूहळूही नाही, एकदमच.

गॅरेजवर अनेकदा ऐकू येतं, की तेलाच्या जॅकपेक्षा स्क्रूचा बरा, तो बसत नाही. हे अर्धंच खरं आहे. तेलाचा जॅक बसतो, तर स्क्रूचा कलंडतो. गाडीखालच्या माणसाला दोन्ही सारखेच. कुठलाही जॅक वापरा, गाडी वर गेली की वजन त्याच्यावरून काढून टेकूवर द्यायचं. जॅकचं काम तिथे संपलं.

आडवा जोर

जॅकवर रंगवलेला ‘१० टन’ हा आकडा सरळ खाली येणाऱ्या वजनाचा असतो. बाजूने आलेल्या धक्क्यासाठी त्यावर कुठलाच आकडा नसतो, कारण बाजूचा धक्का त्याने सोसावा अशी त्याची रचनाच नाही. मग हा धक्का येतो कुठून?

पहिला उतारावरून. २० मीटरला १ मीटर असा उतार घाटात नेहमीचा, आणि डोळ्याला तो फारसा जाणवतही नाही. १२ टनांचा ट्रक अशा उतारावर उभा असेल, तर त्याला खाली ओढणारा जोर होतो ६०० किलो. चारही बाजूंची चाकं जमिनीवर असताना ब्रेक तो पेलतो. एक बाजू उचलली की गणित बदलतं.

हे गणित नीट समजून घ्या, कारण अनुभवी ड्रायव्हरही इथे फसतात. मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत डिफरन्शियल असतं. दोन चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरू शकावीत, यासाठीच ते बसवलेलं असतं. गाडी गियरमध्ये टाकून उभी केली, की इंजिन त्या दोन चाकांना मिळून अडवतं. पण त्यातलं एक चाक हवेत गेलं, की ते मोकळं उलटं फिरू शकतं, आणि तेवढ्यामुळे जमिनीवरचं दुसरं चाक सुलटं फिरायला मोकळं होतं. म्हणजे गियर टाकलेला असूनही त्याचा अटकाव शून्य. हँडब्रेक मागच्या चाकांवर असतो. त्यातलं एक उचललेलं आहे, म्हणून तो निम्माच उरला. काही जुन्या जीपमध्ये तर हँडब्रेक चाकांवर नसून गियरबॉक्सच्या मागे, शाफ्टवर असायचा. तिथे मागचं एक चाक उचललं, की डिफरन्शियलच्या त्याच खेळाने हँडब्रेकही गेला.

म्हणून चाकाला दगड किंवा पाचर लावणं हे जॅकच्या आधीचं काम आहे, आणि ती लावायची जमिनीवर राहणाऱ्या चाकांना. मागचं उचलणार असाल तर पुढच्या दोन्ही चाकांना, दोन्ही बाजूंनी. गोल दगड नको, तो चाकाबरोबर गडगडतो. लाकडाची तिरकी पाचर चाकाला घट्ट भिडेल अशी ठोका. ट्रॅक्टरची ट्रॉली असेल तर ती ट्रॅक्टरपासून सोडवू नका. ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक बहुधा नसतोच. तिला धरून ठेवणारा ट्रॅक्टर आहे, त्याचे ब्रेक जोडून, लॉक करून ठेवा.

दुसरा आडवा जोर आपण स्वतः देतो. ट्रकच्या चाकाचे नट सुटत नाहीत म्हणून पान्याला पाइप जोडून त्यावर उभं राहायची पद्धत सगळीकडे आहे. ६० किलोचा माणूस, पाऊण मीटरचा पाइप, त्यात वर उसळ्या मारणं. हा सगळा हिसका चाकातून एक्सलला आणि एक्सलमधून जॅकच्या डोक्याला बसतो. म्हणून नट आधी ढिले करायचे, चाक जमिनीवर असताना. पूर्ण काढायचे नाहीत, पाव-अर्धा फेरा पुरे. मग गाडी उचलायची. काही जुन्या ट्रकांच्या डाव्या चाकांना उलटे आटे असतात. नट सुटत नाही म्हणून जोर वाढवण्याआधी ते बघून घ्या, नाहीतर तुम्ही तो आवळतच बसाल.

तिसरा जोर सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. गाडीची एक बाजू उचलताना ती सरळ वर जात नाही, पलीकडच्या चाकावर रेलून कमानीत वर जाते. दोन्हींमध्ये दीड मीटर अंतर धरलं आणि ३० सेंटिमीटर उचललं, तर जॅकचं डोकं ज्या जागी टेकलं आहे ती जागा काही सेंटिमीटर आत सरकते. जॅकचा तळ मात्र होता तिथेच. बॉटल जॅकचा तळ जेमतेम १२-१३ सेंटिमीटर रुंद. आता कळेल की सरळ लावलेला जॅक वर जाता जाता तिरका का होतो. गॅरेजमधल्या ट्रॉली जॅकला चाकं असतात, ती याचसाठी. तो स्वतः सरकून या कमानीशी जुळवून घेतो. त्याच्या चाकांखाली खडी किंवा फट असेल तर तो सरकू शकत नाही, आणि मग गाडी त्याच्या डोक्यावरून घसरते. म्हणून तो सपाट काँक्रीटवरच वापरावा.

जमीन

रस्त्याच्या कडेला गाडी बंद पडली की ती साइडपट्टीवर घेतली जाते. रहदारीपासून दूर म्हणून ते बरोबरच. पण साइडपट्टी म्हणजे मुरूम, माती, पावसाळ्यात चिखल. २०१८ मध्ये वाढवलेल्या मर्यादेनुसार चार टायरच्या मागच्या एक्सलवर साडेअकरा टन वजन कायदेशीर आहे. त्याची एक बाजू उचलायची म्हणजे जॅकवर साधारण सहा टन. जॅकचा तळ १२ सेंटिमीटर चौरस धरला, तर जमिनीच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर ४० किलोपेक्षा जास्त दाब पडतो. ओली काळी माती साधारण एक-दीड किलो पेलते. म्हणजे जॅक रुतणारच.

फळी टाकली तर? ४५ सेंटिमीटर लांब-रुंद जाड फळीवर हेच वजन पसरलं, तरी दाब तीन किलोच्या आसपास राहतो. सुक्या, दाबलेल्या मुरमावर ते चालून जाईल. भिजलेल्या काळ्या मातीत फळीही बसेल, आणि सगळीकडून सारखी बसणार नाही, एका कडेने बसेल. भरलेल्या गाडीसाठी अशा ठिकाणी माझं मत स्पष्ट आहे: उचलूच नका. सपाट टायरवर, हळू, पुढची पक्की जागा गाठा. टायर आणि वेळप्रसंगी रिमही जाईल. जाऊ द्या. पंधरा-वीस हजारांचा टायर वाचवायला कुणी चिखलात गाडीखाली जाऊ नये.

फळी जाडच हवी, दोन-अडीच इंच तरी. पातळ फळी मधोमध वाकते आणि वजन पसरवतच नाही, तिचा फक्त भास होतो. जुन्या रेल्वे स्लीपरचा तुकडा गाडीत असेल तर त्यासारखं दुसरं काही नाही. मे महिन्यात भर दुपारी डांबरही मऊ पडतं, तेव्हा चकाचक रस्त्यावरसुद्धा फळी लागते.

एक सवय लावून घ्या. टायर जमिनीवरून सुटायला लागला की थांबा, खाली वाका आणि जॅकच्या तळाची कड बघा. तळ आणि फळी यांच्यामध्ये एका बाजूने उजेड दिसत असेल, दुसऱ्या बाजूची कड लाकडात चावत असेल, तर जॅक कलायला लागलेला आहे. हातोड्याने ठोकून तो सरळ होत नाही. तसं करणं म्हणजे वजनाखालच्या जॅकला आपणच आडवा धक्का देणं. गाडी खाली घ्या, जॅक पुन्हा लावा. दहा मिनिटं जातील, हरकत नाही.

वरची बाजूही तितकीच महत्त्वाची. ट्रकला जॅक एक्सलखाली, कमानपाट्यांच्या जवळ लागतो. मधल्या गोळ्याखाली, म्हणजे डिफरन्शियलच्या घराखाली, नाही. तो गोल असतो, त्यावर वंगण असतं, आणि तिथून उचललेली गाडी दोन्ही बाजूंना झुलते. जागा फडक्याने कोरडी पुसा. कारमध्ये दाराखालच्या पत्र्याच्या कडेला, चाकाजवळ, दोन खाचा असतात. जॅक त्या दोन खाचांच्या मध्येच. इतरत्र लावला तर पत्रा आत जातो आणि जॅक त्यात घुसतो.

जोडचाकात बाहेरचा टायर पंक्चर असेल, तर जॅकची गरजच पडत नाही अशी एक जुनी युक्ती आहे. आतल्या टायरपुढे जाड फळी किंवा ठोकळा ठेवून गाडी हळूच त्यावर चढवायची. बाहेरचा टायर आपोआप अधांतरी होतो, आणि गाडी स्वतःच्या टायरवरच उभी राहते. इतकी साधी गोष्ट असून ती विसरली जाते.

टेकू

गॅरेजमध्ये ज्याला घोडी म्हणतात तो तिपायी किंवा चौपायी लोखंडी स्टँड, हा खरा टेकू. जोडीने घ्या, वजनक्षमता बघून घ्या, आणि त्याची पिन मूळचीच असू द्या. पिन हरवली म्हणून बोल्ट किंवा सळई घालणं बंद करा. घोडी लावल्यावर जॅक सावकाश उतरवून वजन तिच्यावर द्यायचं, मग गाडीला हाताने बाजूने ढकलून बघायचं. ती हलायची असेल तर तुम्ही बाहेर असतानाच हलू दे.

घोडी नसेल तर लाकडी ठोकळे आडवे-उभे रचा, विटांच्या भट्टीसारखे एकावर एक आडवे थर देत. विटा आणि सिमेंटचे पोकळ ब्लॉक मात्र कधीच नाही. लाकूड फुटायच्या आधी कुरकुरतं, दबतं, वेळ देतं. वीट पूर्ण वजन घेते आणि इशारा न देता चुरा होते.

रस्त्यात घोडी कुणाकडे असणार? तिथे स्टेपनीच कामाला येते. गाडी उचलायला सुरुवात करताच स्टेपनी आडवी करून चॅसीखाली सरकवा. खराब चाक निघालं की ते खाली घाला आणि स्टेपनी बाहेर घ्या. जॅक घसरलाच तर गाडी टायरवर येईल, माणसावर नाही. चाक बदलायला अंग गाडीखाली घालावं लागत नाही. हात, पाय, डोकं, काहीच नाही. निसटलेला नट आत गेला तर तो काठीने ओढा.

ट्रकच्या तीन तुकड्यांच्या रिमबाबत एकच सांगतो. लॉक रिंग, म्हणजे टायरला रिमवर अडवून ठेवणारी कडी, असलेलं चाक सोडवण्यापूर्वी त्यातली हवा पूर्ण काढा. रिम चिरलेली असेल तर नट सैल होताच रिंग उडू शकते, आणि तिच्यासमोर उभा असलेला माणूस वाचत नाही.

उंच दांडीचा फार्म जॅक

भटक्या जीपवाल्यांच्या गाडीवर हल्ली लाल किंवा काळ्या रंगाचा, छिद्रांची उंच पट्टी असलेला जॅक दिसतो. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात हाय-लिफ्ट नावाने तो १९०५ पासून बनतो, आणि मुळात तो शेतीच्या कामासाठी होता. चिखलात रुतलेली गाडी काढायला त्याच्याइतकं उपयोगी काही नाही. आणि निष्काळजी माणसासाठी त्याच्याइतका घातक जॅकही नाही.

त्याच्या आत दोन पिना असतात. हँडल खाली दाबलं की एक पिन वजन धरते आणि दुसरी वरच्या छिद्रात सरकते. हँडल वर आलं की त्यांची कामं बदलतात. म्हणजे पूर्ण वजन दर वेळी एका पिनेवर असतं, आणि हँडल अधल्यामधल्या अवस्थेत असताना ते तुमच्या हातावर असतं. उतरवण्यासाठी कळ खाली केली की हाच खेळ उलटा चालतो. आता गाडी हँडलला वर ढकलते आहे आणि तुम्ही त्याला आवरत आहात. हात सुटला, तर हँडल आपोआप वर-खाली आपटत सुटतं. त्या वाटेत जबडा असेल तर जबडा मोडतो. फिरत्या हँडलला पकडायला जाऊ नका, मागे व्हा.

म्हणून कळ बदलण्याआधी हँडल उभ्या दांडीला पूर्ण टेकलेलं हवं. दोन्ही हात हँडलवर, डोकं बाजूला, हँडल आणि दांडीच्या मध्ये काहीही नाही. गाडी वर ठेवून थांबायचं असेल तर हँडल दांडीला क्लिपने अडकवा. आणखी एक, उतरवताना जॅकवर साधारण ७० किलो तरी वजन हवं. गाडी जमिनीला टेकून जॅक हलका झाला, की त्याचा सरकता भाग एका झटक्यात खाली येतो. बोटं तिथे नकोत.

बंपर उचलला म्हणून चाक लगेच उचललं जात नाही. आधी स्प्रिंग मोकळ्या होतात, बॉडी वर जाते, चाक मात्र जमिनीवरच. त्यामुळे गाडी विनाकारण फार उंच न्यावी लागते आणि उंचीबरोबर ती डुलायला लागते. एक्सल जाड पट्ट्याने चॅसीला आधीच बांधून ठेवला तर चाक लवकर सुटतं. आजकालच्या एसयूव्हीच्या प्लास्टिक बंपरला हा जॅक लावायचा विचारच करू नका. त्यासाठी पोलादी बंपर किंवा बाजूच्या लोखंडी पट्ट्या लागतात. आणि या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली, टेकूशिवाय, कुणीही जायचं नाही. इथे अपवाद नाही.

खाली घेताना

काम संपलं की घाई होते. बॉटल जॅकचा व्हॉल्व्ह अर्ध्या फेऱ्याने नव्हे, अगदी तिळातिळाने सोडा. आधी घोडी किंवा खाली घातलेलं खराब चाक बाहेर काढलेलं आहे ना, मुलं, क्लिनर, बघे लांब आहेत ना, ते स्वतः बघा. नट आधी हाताने बसवा, समोरासमोरचे आळीपाळीने आवळा, आणि शेवटचा जोर चाक जमिनीवर आल्यावर द्या. ट्रकचे नट पन्नासेक किलोमीटरनंतर पुन्हा तपासायचे असतात, कारण नव्याने बसलेलं चाक आपली जागा घेतं आणि नट किंचित सैल पडतात.

महामार्गावर रहदारीच्या बाजूचं चाक गेलं असेल आणि जागा अरुंद असेल, तर स्वतः बदलायचा हट्ट नको. सगळ्यांना उतरवून कठड्याच्या पलीकडे न्या, इशाऱ्याचा त्रिकोण मागे लांब ठेवा, राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ ला फोन लावा.

आणि या आठवड्यात एकदा, घरासमोर, कोरड्या सपाट जागेवर, दिवसाउजेडी आपल्या गाडीचा जॅक बाहेर काढा. तेल गळलंय का, आटे स्वच्छ आहेत का, तो पूर्ण वर आणि पूर्ण खाली जातो का ते बघा. जॅक लावायची जागा कुठे आहे ते हाताने चाचपा. पाना नटाला बसतो का तेही बघा. आणि जॅकचं हँडल गाडीतच आहे ना, ते नक्की तपासा. जुनी गाडी विकत घेतली असेल, तर बहुतेकदा तेच गायब असतं.